डीएसएलआर कॅमेरा घ्यायचा का? फायदे कुठले, अडचणी कुठल्या आणि जुना घेताना काय तपासायचं

तुळशीचं लग्न लागलं की गावोगावी मांडव पडायला लागतात आणि तालुक्याच्या गावातल्या फोटो स्टुडिओत एक प्रश्न हमखास ऐकू येतो, "साधा डीएसएलआर कितीला बसेल?" विचारणारा बहुतेक वेळा विशीतला पोरगा असतो. मोबाइलवर त्याचे फोटो चांगले येतात, स्टेटस बघून मित्र वाहवा करतात, एखाद्या पाहुण्याने साखरपुड्याचं काम देऊ केलेलं असतं. घरचे म्हणतात, दोन शेळ्या विकून पैसे देतो, पण यातून काही सुटणार आहे का तेवढं सांग.

याचं उत्तर कॅमेऱ्यापेक्षा कामावर ठरतं. काही कामांत दहा वर्षांपूर्वीचा डीएसएलआर आजच्या महागड्या मोबाइलला मागे टाकतो. काही कामांत तोच कॅमेरा गळ्यातलं लोढणं होतो. पैसे मोडण्याआधी हा फरक नीट कळलेला बरा.

आत आरसा असतो, म्हणून हे नाव

डीएसएलआर म्हणजे डिजिटल सिंगल लेन्स रिफ्लेक्स. लेन्समधून आत आलेला उजेड एका तिरक्या आरशावर पडतो, तिथून वर जातो आणि डोळा लावायच्या खिडकीतून, म्हणजे व्ह्यूफाइंडरमधून, समोरचं दृश्य दिसतं. बटण दाबलं की आरसा वर उचलला जातो, मागचा पडदा म्हणजे शटर उघडतं आणि उजेड सेन्सरवर पडतो. 'खटक्' असा जो आवाज येतो तो या आरशाचा आणि शटरचा.

या आरशामुळे दोन गोष्टी घडतात. पहिली म्हणजे डोळ्याला दिसतं ते स्क्रीनवरचं चित्र नसतं, खरा उजेड असतो. त्यामुळे दुपारच्या कडक उन्हातही समोरचं स्वच्छ दिसतं. मोबाइलची स्क्रीन उन्हात काळी पडते आणि माणूस अंदाजाने बटण दाबतो, तसं इथे होत नाही. दुसरी म्हणजे बघत राहायला बॅटरी जवळजवळ लागत नाही. कंपन्यांच्या चाचणीच्या हिशोबाने निकॉन डी३५०० एका चार्जिंगमध्ये १,५५० फोटो काढतो, कॅनन १५००डी सुमारे ५००. लाइट कधी जाईल याचा भरवसा नसलेल्या गावात ही लहान गोष्ट नाही.

पण फोटोच्या दर्जात खरा फरक पाडतो तो सेन्सर. कॅनन १५००डीचा सेन्सर २२.३ × १४.९ मिलिमीटर आहे. मोबाइलमधला नेहमीचा अर्धा इंची म्हणतात तो सेन्सर प्रत्यक्षात ६.४ × ४.८ मिलिमीटरच्या आसपास असतो. क्षेत्रफळाचा हिशोब केला तर डीएसएलआरचा सेन्सर दहापटीहून मोठा निघतो. वळचणीखाली तांब्या ठेवला आणि घमेलं ठेवलं तर एकाच सरीत कशात जास्त पाणी साठेल, तसंच हे. उजेड भरपूर असेल तेव्हा तांब्याही भरतो, म्हणून दुपारच्या फोटोत फारसा फरक कळत नाही. दिवेलागण झाली की कळतो.

मेगापिक्सेलच्या आकड्याने मात्र भुलू नका. मोबाइलवर १०८ किंवा २०० लिहिलेलं असतं, डीएसएलआरवर २४. लग्नाच्या अल्बमचं १२ × १८ इंची पान चांगल्या दर्जात, म्हणजे इंचाला ३०० ठिपके धरून छापायचं तर ३,६०० × ५,४०० ठिपके लागतात. म्हणजे साधारण साडेएकोणीस मेगापिक्सेल. २४ त्याला पुरून उरतात.

मांडवात फरक दिसतो तो असा

संध्याकाळची हळद घ्या. वर दोन पिवळे बल्ब, एक पांढरी ट्यूब, पोरीबाळी नाचतायत, करवल्या हळद लावतायत. अशा वेळी मोबाइल एकामागून एक बरेच फोटो घेतो, आतल्या आत ते जोडतो आणि एकच फोटो दाखवतो. माणसं स्थिर असतील तर हे झकास जमतं. पण हात हलत असले की बोटं पुसल्यासारखी येतात आणि चेहऱ्याची कातडी मेणाची दिसते. डीएसएलआरवर ५० मिलिमीटर एफ १.८ ची साधी लेन्स लावली तर एकाच फोटोपुरता उजेड मिळतो. थोडे दाणे दिसतील, पण बोटं बोटांसारखी दिसतील.

मागचं धूसर करण्याचंही तसंच. मोबाइलमध्ये पोर्ट्रेट मोड असतो, तो माणसाची कड ओळखून मागचा भाग कृत्रिमपणे पुसतो. नवरदेवाच्या मुंडावळ्या, फेट्याचा तुरा, नवरीच्या कपाळावरची बट असल्या बारीक गोष्टींवर तो अडखळतो. मुंडावळीची एक सर स्वच्छ आणि शेजारची अर्धी पुसलेली, असे फोटो नीट मोठे करून पाहिले की सापडतात. लेन्समुळे जो धूसरपणा येतो तो खरा असतो. त्यात मोती आणि सर दोन्ही जिथल्या तिथे राहतात.

मग मंगलाष्टकं संपतात. शेवटचं 'सावधान' होतं, अंतरपाट बाजूला होतो, अक्षता उडतात आणि दोघं पहिल्यांदा एकमेकांकडे बघतात. हा क्षण दोन सेकंदांचा असतो आणि परत मिळत नाही. डीएसएलआर बटण दाबल्याबरोबर फोटो घेतो आणि वरच्या फ्लॅशचा उजेड पाच-सात मीटर सहज जातो. मोबाइलचा एलईडी हाताच्या पुढे फारसा पोचत नाही. मात्र फ्लॅश थेट तोंडावर मारला तर चेहरे पांढरेफटक पडतात, म्हणून जाणकार फ्लॅशचं डोकं वर छताकडे फिरवून उजेड परतवून घेतात. इथे एक गंमत होते. छत लाल किंवा पिवळ्या कापडाचं असेल तर तोच रंग सगळ्या वऱ्हाडाच्या तोंडाला लागतो. कापड पांढरं नसेल तर वर मारू नये.

रंग बिघडलेच तर सुधारायची सोय डीएसएलआरमध्ये आहे. 'रॉ' प्रकारात फोटो घेतला तर सेन्सरने टिपलेली जवळजवळ सगळी माहिती तशीच राहते. नंतर कॉम्प्युटरवर चेहऱ्याचा पिवळेपणा काढता येतो, काळवंडलेला भाग उजळता येतो. पण अशी फाइल २५ ते ३० एमबीची होते. घरात कॉम्प्युटर नसेल तर या सोयीचा उपयोग शून्य.

आणि कॅमेरा स्वतःहून हुशार नसतो, हेही सांगायला हवं. त्याचं उजेड मोजायचं यंत्र समोरचं सगळं सरासरी करड्या रंगाचं आहे असं धरून चालतं. पांढराशुभ्र खिलार बैल समोर आणला तर तो फोटोत मळकट येतो आणि काळीभोर म्हैस राखाडी येते. बैलासाठी उजेड एक पायरी वाढवायचा, म्हशीसाठी कमी करायचा, हे माणसाला यावं लागतं. पांढरं धोतर आणि सदरा घातलेल्या आजोबांच्या बाबतीतही तेच. मोबाइल अशा चुका बऱ्याच अंशी आपोआप सावरतो. म्हणून नवीन डीएसएलआर घेतलेल्याचे पहिल्या महिन्यातले फोटो मोबाइलपेक्षा वाईट येणं नवलाचं नाही. बरेच जण इथेच कंटाळतात आणि कॅमेरा कपाटात जातो.

घाटात आणि धरणावर

खेड, आंबेगाव, जुन्नर, शिरूर या पट्ट्यातल्या बैलगाडा घाटात बारी सुटली की दहा-पंधरा सेकंदांत खेळ संपतो. बैल ताशी ३६ किलोमीटरने पळतोय असं धरलं तर तो सेकंदाला १० मीटर जातो. सेकंदाच्या शंभराव्या भागात फोटो घेतला तरी तेवढ्यात तो १० सेंटिमीटर सरकतो आणि फोटोत फराटा येतो. हजारावा भाग धरला तर सरकणं एक सेंटिमीटरवर येतं. साध्यातला साधा डीएसएलआर सेकंदाच्या चार हजाराव्या भागापर्यंत जातो. उन्हात मोबाइलही वेगाने फोटो घेतो, पण तो लांबून. घाटाच्या कडेला गर्दीत उभं राहून बैलाच्या डोळ्यातली चमक टिपायची तर लांब पल्ल्याची लेन्स लागते, आणि ती मोबाइलला लावता येत नाही.

सलग फोटो घेण्याचा वेग मॉडेलवर आहे. कॅनन १५००डी सेकंदाला ३ फोटो घेतो, निकॉन डी३५०० पाच, कॅनन ९०डी दहा. घाटात आणि कुस्तीच्या फडात हा फरक जाणवतो, लग्नात नाही.

इंदापूर तालुक्यात भिगवण, कुंभारगाव परिसरात हिवाळ्यात उजनीच्या फुगवट्यावर रोहित पक्षी येतात आणि त्यांच्यामागे पाहुणेही येतात. तिथे कॅमेऱ्यासोबत येणारी १८-५५ ची लेन्स काही कामाची नाही, पक्षी टिकलीएवढा दिसतो. निदान ७०-३०० लागते. कॅननच्या लहान सेन्सरवर ३०० ची लेन्स ४८० सारखी जवळ आणते, ही या कॅमेऱ्यांची एक जमेची बाजू. होडी हलत असते म्हणून शटरचा वेग वाढवावा लागतो, तिवईचा तिथे उपयोग नाही.

जिथे मोबाइलच बरा

ई-पीक पाहणीचा फोटो शेतात उभं राहून ॲपमधूनच काढावा लागतो, कारण त्यासोबत जागेची नोंद जाते. तिथे लाखाचा कॅमेरा असला तरी चालत नाही. रस्त्याची, पुलाची, नुकसानीची तक्रार लगेच पाठवायची असेल तेव्हाही मोबाइलच. साध्या डीएसएलआरमध्ये जीपीएस नसतं आणि फोटो मोबाइलमध्ये घ्यायला आधी वायफाय किंवा ब्लूटूथने जोडाजोडी करावी लागते. डी३५०० मध्ये तर वायफायही नाही, फक्त ब्लूटूथ आहे.

फोटो शेवटी व्हॉट्सॲपवरच जाणार असतील तर विचार करा. साध्या पद्धतीने पाठवलेला फोटो व्हॉट्सॲप बारीक करून टाकतं आणि डीएसएलआरची सगळी बारकाई तिथेच जाते. पाठवायचाच असेल तर 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवावा.

सप्ताहातलं कीर्तन रेकॉर्ड करायला डीएसएलआर घेणाऱ्यांची तर फसगत ठरलेली. या कॅमेऱ्यांत सलग व्हिडिओ सहसा २९ मिनिटं ५९ सेकंदांवर थांबतो. महाराज रंगात आलेले असतात आणि कॅमेरा गुपचूप बंद पडलेला असतो. कॅनन १५००डी, ३०००डी आणि निकॉन डी३५०० यांना बाहेरचा माइक जोडायची जागाच नाही, त्यामुळे टाळ-मृदंगाचा आवाज डब्यातून आल्यासारखा येतो. माइकची सोय हवी असेल तर निकॉन डी५६०० किंवा कॅनन २००डी मार्क टू सारखं मॉडेल बघावं लागतं. व्हिडिओ काढताना आरसा वर अडकवलेला असतो आणि स्वस्त मॉडेलमध्ये फोकस मागेपुढे चाचपडत राहतो. कॅनन ७०डी आणि ८०डी मध्ये ही अडचण बरीच कमी आहे, कारण त्यांच्या सेन्सरमध्येच वेगवान फोकसची सोय आहे. रील आणि यूट्यूब हेच मुख्य काम असेल त्याने स्वस्त डीएसएलआरच्या वाटेला जाऊ नये, इतकं स्पष्ट सांगता येतं.

एक धोक्याची गोष्ट. मिरवणुकीत डीजेवरचे लेझर असतात. हा किरण थेट लेन्समध्ये शिरला तर सेन्सरवरचे ठिपके कायमचे जळतात, मग तो मोबाइल असो की डीएसएलआर. पण डीएसएलआरमध्ये खिडकीला डोळा लावलेला असेल तर तोच किरण आरशावरून डोळ्यात जातो. सूर्याकडे किंवा ग्रहणाकडे या खिडकीतून बघणंही तितकंच घातक. लेझर सुरू असेल तर डोळा बाजूला आणि लेन्सवर झाकण.

बॉडी घेतली म्हणजे झालं नाही

जाहिरातीत दिसते ती किंमत बॉडी आणि १८-५५ लेन्सची. लग्नाचं काम करायचं तर त्यावर ५० मिलिमीटरची लेन्स, वेगळा फ्लॅश, फ्लॅशचे सेल आणि चार्जर, जादा बॅटरी, दोन-तीन चांगली मेमरी कार्डं, बॅग आणि फोटो साठवायला हार्ड डिस्क. ही यादी बॉडीइतकाच खर्च सहज खाते. नवशिका सगळे पैसे बॉडीत घालतो आणि लेन्सला पैसे उरत नाहीत. उलट करावं. साधी बॉडी आणि चांगली लेन्स या जोडीचे फोटो महाग बॉडी आणि किट लेन्सपेक्षा सरस येतात. शिवाय बॉडी पाच वर्षांत जुनी होते, लेन्स नीट ठेवली तर पंधरा वर्षं चालते.

लेन्स घेताना निकॉनवाल्यांनी एक गोष्ट लक्षात ठेवावी. डी३००० आणि डी५००० मालिकेतल्या बॉडीत फोकसची मोटर नसते. ५० मिलिमीटर एफ १.८डी ही जुनी स्वस्त लेन्स त्यावर बसते, पण फोकस हाताने फिरवून करावा लागतो. 'एएफ-एस' लिहिलेली लेन्स घ्यावी. डी७२०० सारख्या वरच्या बॉडीत मोटर असते.

कॅननवाल्यांची अडचण वेगळी आहे. फ्लॅश बसवायच्या खाचेत मधोमध एक गोल पितळी ठिपका असतो, तिथून इतर कंपन्यांचे साधे फ्लॅश आणि स्टुडिओचे ट्रिगर चालतात. ३०००डी आणि २००डी मार्क टू मध्ये हा ठिपका नाही. पासपोर्ट फोटोचा छोटा स्टुडिओ टाकायचा विचार असेल तर तिथे हे आडवं येतं. बॉडी हातात घेऊन खाच बघूनच पैसे द्यावेत.

कार्डाबाबत कंजुषी करू नये. स्वस्त डीएसएलआरमध्ये कार्डाची एकच खाच असते. ते कार्ड गेलं तर लग्न गेलं, आणि वधूपित्यापुढे उभं राहायची वेळ येते. म्हणून अख्खं लग्न एका मोठ्या कार्डावर घेऊ नये. हळद एका कार्डावर, लग्न दुसऱ्यावर, रात्री घरी आल्याबरोबर दोन ठिकाणी नक्कल. फोटो उडालेच तर त्या कार्डावर पुढे एकही फोटो काढायचा नाही आणि फॉरमॅट करायचं नाही. नवीन काही लिहिलं गेलं नसेल तर बरेच फोटो सॉफ्टवेअरने परत मिळतात.

कंपन्या दुसरीकडे वळल्या

निकॉन आणि कॅनन या दोघांनी २०१८ मध्ये मोठ्या सेन्सरचे, आरसा नसलेले म्हणजे मिररलेस कॅमेरे आणले आणि त्यानंतर नव्या डीएसएलआरवरचं लक्ष जवळजवळ काढून घेतलं. सोनीने तर २०२१ मध्ये आपले आरशाचे कॅमेरे बंदच केले. निकॉनचा डी३५०० आणि डी५६०० यांचं उत्पादन थांबलं. पेंटॅक्स ही कंपनी तेवढी डीएसएलआरला धरून आहे.

मिररलेस हलका असतो, माणसाचा किंवा जनावराचा डोळा ओळखून फोकस धरतो आणि व्हिडिओत कितीतरी पुढे आहे. पण त्याची खिडकी म्हणजे छोटी स्क्रीनच, म्हणून बॅटरी लवकर उतरते, आणि लेन्सा महाग पडतात.

याचा गावाकडच्या ग्राहकाला फायदा असा, की शहरातले फोटोग्राफर मिररलेसकडे गेल्याने त्यांचे चांगले डीएसएलआर आणि लेन्सा सेकंडहँड बाजारात आल्यात. कॅननच्या ईएफ लेन्सा १९८७ पासूनच्या आहेत आणि त्या आजच्या डीएसएलआरवर चालतात. उद्या कॅननचा मिररलेस घेतला तरी ॲडॅप्टर लावून त्याच लेन्सा फोकससकट वापरता येतात. निकॉनच्या एएफ-एस लेन्सांचंही तसंच. म्हणजे लेन्सेत घातलेले पैसे बुडत नाहीत. बॉडीचे मात्र बुडतात, तिचा भाव दरवर्षी उतरत जाणार आणि सुटे भागही हळूहळू अवघड होत जाणार, हे धरूनच घ्यावी.

नवीन घ्यायचा तर कर्जाची सोय आहे. मुद्रा योजनेच्या शिशु गटात ५० हजारांपर्यंत कर्ज मिळतं आणि फोटो स्टुडिओ त्यात बसतो. पण बँक साधारणपणे दुकानाचं कोटेशन मागते. ओळखीच्याकडून बिनाबिलाचा जुना कॅमेरा घ्यायला ते पैसे मिळायचे नाहीत. अजून एकही ऑर्डर हातात नसताना हप्ता मागे लावून घेणं जोखमीचं आहे, कारण लग्नाची तिथी चार-पाच महिने असते आणि हप्ता बारा महिने.

जुना घेताना

जुन्या गाडीचं किलोमीटर बघतात तसं जुन्या डीएसएलआरचं शटर काउंट बघायचं. आतापर्यंत शटर किती वेळा उघडलं तो हा आकडा. निकॉन डी३५०० आणि डी५६०० चं शटर कंपनीने १ लाख वेळा उघडझाप करून तपासलेलं आहे, डी७२०० चं दीड लाख. कॅनन ८०डी १ लाख, ९०डी १ लाख २० हजार, ५डी मार्क थ्री दीड लाख. त्या दिवशी ते बंदच पडतं असं नाही, पण भरवसा कमी होतो. एका लग्नात हजार-दीड हजार फोटो सहज निघतात. सीझनला २५ लग्नं करणाऱ्याचा कॅमेरा तीन-चार वर्षांत लाखाला टेकतो. विकणारा "घरगुती वापरलाय" म्हणत असेल आणि काउंट ९० हजार दिसत असेल, तर घर कुठलं ते ओळखावं.

निकॉनच्या फोटोतच हा आकडा लपलेला असतो. ताजा जेपीजी फोटो घेऊन मोबाइलवरच्या एखाद्या माहिती दाखवणाऱ्या ॲपमध्ये उघडला की दिसतो. कॅननच्या बऱ्याचशा मॉडेलमध्ये तो फोटोत नसतो, केबल लावून सॉफ्टवेअरने काढावा लागतो. फोटोच्या नावातला नंबर म्हणजे शटर काउंट नव्हे. तो ९९९९ नंतर पुन्हा १ होतो आणि मुद्दाम मागेही नेता येतो.

मग लेन्स. मोबाइलची बॅटरी एका बाजूने लेन्सेत मारायची आणि दुसऱ्या बाजूने तिरकं बघायचं. कोळ्याच्या जाळ्यासारखे पांढरे धागे दिसले तर ती बुरशी. चार-दोन धुळीचे कण असले तर घाबरायचं कारण नाही, पण बुरशीची लेन्स फुकट मिळाली तरी घेऊ नये. ती बॅगेतल्या इतर लेन्सांनाही लागू शकते. सेन्सर बघायला एफ १६ किंवा एफ २२ वर पांढऱ्या भिंतीचा नाहीतर निरभ्र आकाशाचा फोटो काढायचा. काळे डाग धुळीचे असतील तर साफ होतात. लेन्सवर झाकण लावून काही सेकंदांचा फोटो काढला आणि त्यात लाल, निळे ठिपके चमकले तर सेन्सरवरचे ठिपके खराब झाले असण्याची शंका घ्यावी. लेझरचा मार बसलेला कॅमेरा इथे सापडतो.

फोकस तपासायला वर्तमानपत्र टेबलावर तिरकं ठेवून मधल्या एका ओळीवर फोकस करावा. स्वच्छ ओळ ती सोडून पुढची-मागची आली तर कॅमेऱ्याचा आणि लेन्सचा मेळ नाही. आरशाच्या कॅमेऱ्यांची ही जुनी खोड आहे, कारण फोकस मोजणारा भाग वेगळा आणि फोटो घेणारा सेन्सर वेगळा. फ्लॅश उघडतो का, कार्ड घट्ट बसतं का, पकडायचं रबर सैल झालंय का, बॅटरी फुगलेली आहे का, हे चार मिनिटांचं काम.

मूळ बिल मागावं आणि त्यावरचा नंबर बॉडीच्या तळाशी जुळतो का बघावं. चोरीचा माल असाच सापडतो. मुंबईत फोर्टातल्या बोरा बाजारासारख्या ठिकाणी जुना माल भरपूर मिळतो, पण तिथून घ्या किंवा पाहुण्याकडून घ्या, निदान पंधरा दिवसांत परत घेण्याची बोली लिहून घ्यावी. ऑनलाइन जाहिरात बघून आगाऊ पैसे पाठवायचे नाहीत.

भंडारा, धूळ आणि पावसाळा

जेजुरीला सोमवतीला भंडारा उधळतो तेव्हा हळदीची ती बारीक पूड लेन्सच्या फिरत्या कडेत, बटणांत, सगळीकडे जाते. जाणते फोटोग्राफर कॅमेरा प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळून फक्त लेन्सचं तोंड बाहेर ठेवतात आणि गडावर लेन्स बदलत नाहीत. मोबाइल पुसला की झालं, डीएसएलआरचं तसं नाही. लेन्स काढली की आरशाची पेटी उघडी पडते. गुलाल आणि ऊसतोडीतल्या फडाची राख यांचंही तेच. बदलायचीच वेळ आली तर आडोशाला जाऊन, कॅमेरा बंद करून, तोंड खाली धरून बदलावी. आरसा बोटाने किंवा रुमालाने पुसू नये, त्यावर ओरखडा पडतो. हवेच्या रबरी फुग्याने धूळ उडवावी, तोंडाने फुंकर मारली तर थुंकीचे शिंतोडे जातात.

पावसाळ्यात हवेतला ओलावा ६० टक्क्यांच्या वर गेला की बुरशीला फावतं. मावळ, मुळशी, भोरकडे चार महिने हीच हवा असते. महागडी ड्राय कॅबिनेट नसली तरी घट्ट झाकणाचा धान्याचा प्लॅस्टिक डबा आणि त्यात सिलिका जेलच्या पुड्या एवढ्यावर भागतं. रंग बदलणारी जेल घ्यावी. ओली झाली की रंग बदलतो, मग तव्यावर मंद आचेवर गरम करून ती पुन्हा वापरता येते. त्या तव्यावर नंतर भाकरी मात्र करू नये. कॅमेरा चामडी बॅगेत घालून कपाटात ठेवणं सगळ्यात वाईट. आठवड्यातून एकदा बाहेर काढून कोवळ्या उन्हाच्या उजेडात दहा मिनिटं ठेवावा आणि चार फोटो काढावेत.

शेळ्या विकायच्या आधी एक स्वस्त वाट आहे. तालुक्याच्या आणि जिल्ह्याच्या ठिकाणी कॅमेरा दिवसाच्या भाड्याने मिळतो. आधार कार्डाची प्रत आणि अनामत द्यावी लागते. नात्यातल्या एखाद्या हळदीला तो नेऊन, ५० ची लेन्स लावून, रात्रीचे फोटो काढून बघावेत आणि तेच फोटो मोबाइलवरही काढावेत. दोन्हीतले चार-चार फोटो ८ × १२ मध्ये छापून घरच्यांपुढे ठेवले की कुठल्याला पैसे मिळतील ते घरचेच सांगतात.